दवाखाना बघायला

साखराबाईचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि उत्तर दिलं नाही. देऊ नये असं काही मनात नव्हतं. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. लातूरजवळच्या मुरुडला मी सार्वजनिक वाचनालयात होतो तेव्हा शेजारी तिचा भज्यांचा गाडा असे. रद्दी झालेली वर्तमानपत्रं मी तिला देई आणि ती मला न विचारता चहा पाठवी. एवढ्यावर तिने माझ्याविषयी फार मोठा समज करून घेतला होता. तिला लिहिता येत नाही. पत्र सुनेच्या हातचं होतं, पण बोलणं तिचंच. 'पंचाक्षरी गुरुजींना साखराबाईचा नमस्कार. फोनवर तुम्ही नुसतं हां-हूं करता म्हणून कागद लिहून घेतला. माझा पाय मोडलाय, प्लास्टरमधी हाय, मला नांदेडला येता येत न्हाई. सुकन्याचे दिवस भरत आले. ती दवाखान्याचं नाव काढू देत न्हाई. घरीच व्हईन म्हणती. तुम्ही लई पुस्तकं वाचली. कोणता दवाखाना चांगला ते कळवा. तुमचं ती ऐकन.' मी गुरुजी कधीच नव्हतो. मी पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवत असे. पण चष्मा असलेल्या, कमी बोलणाऱ्या माणसाला आमच्याकडे गुरुजीच म्हणतात, आणि मग तो माणूस आयुष्यभर त्या शब्दाला पुरा पडत नाही.

सुकन्या, म्हणजे साखराबाईची मुलगी, माझ्या समोरच्याच पत्र्याच्या खोलीत राहते. ती आणि तिचा नवरा वैजनाथ नांदेडला कामाला आले तेव्हा ती खोली मीच पाहून दिली होती. वैजनाथ मोंढ्यात पोती उचलतो. रेल्वेच्या रुळांकडे तोंड केलेली ही आमची गल्ली. गाडी गेली की भांडी थरथरतात आणि बायका वाक्य मध्येच थांबवून गाडी गेल्यावर तिथूनच पुढे बोलतात. मी दाराआड खुर्ची टाकून वाचत बसतो. दार अर्धं उघडं असतं, उजेडासाठी. त्या अर्ध्या दारातून गल्लीतलं बोलणं आत येतं. मी ऐकतो असं म्हणणार नाही, पण कान काही मिटता येत नाहीत. त्या बायकांनाही ते ठाऊक होतं. मी त्यांच्या लेखी पाण्याच्या टाकीसारखा होतो. माझ्यासमोर काहीही बोलता येत असे.

म्हणून सुकन्याचं पहिलं बाळंतपण मी असं, पुस्तक उघडं ठेवून, ऐकलं. ती मल्लम्माच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मल्लम्मा देगलूरकडची, बोलताना मध्येच कानडी येते. एके काळी या गल्लीतली बाळंतपणं तिच्याच हातची. सुकन्या म्हणत होती, "पोरगं गेलं त्याचं देवाला माहीत, मामी. त्याचा दोष मी कुणाला देत न्हाई. पन मी वरडले तशी ती दवाखान्यातली बाई म्हनली, नवऱ्यापाशी जाताना गोड लागलं, आता कशाला बोंबलतीस? आन मांडीवर फाडकन मारलं. मग मी पदर तोंडात कोंबला. लेकरू आलं तवाबी आवाज केला न्हाई." तिने तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला. "लेकरानंबी केला न्हाई."

गाडी गेली. त्यानंतर कोणीच तिथून पुढे बोललं नाही. माझ्या मांडीवर कसलं पुस्तक होतं ते आज आठवत नाही. आठवतं ते हे, की त्या क्षणी मला माझ्या खोलीतली सगळी पुस्तकं कपाटाबाहेर नेऊन ठेवावीशी वाटली. ती तिथे असणं आगाऊपणाचं वाटलं. मग सुकन्या म्हणाली, "या बारीला तुमीच करा घरी. मरण आलं तर घरात येऊ द्या. त्या आवाजात नको." मल्लम्माने सुकन्याच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. "बघ. खड्डा राहतोय. आशाताई काय म्हनली, प्रेशर हाय ना तुला? असली बाई मी हातात घेत न्हाई, यव्वा. पयले घेतली असती." आणि अंगठा पदराला पुसत, "एक घेतली व्हती."

साखराबाईला काय कळवणार होतो मी? दवाखाने मला पाट्यांवरून माहीत. लातूरला आम्ही गंजगोलाईच्या मागे राहत होतो तेव्हा माझी बायको, महानंदा, आमच्या अमरेशच्या वेळी कोणत्या दवाखान्यात गेली ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं आणि मी पिशवी घेऊन तिच्या मागे गेलो. ती तिथेच का गेली, दुसरीकडे का नाही, हा प्रश्नच माझ्या मनात कधी उमटला नाही. पाणी उताराकडे जातं तशी बायको दवाखान्यात जाते, असंच काहीसं मला वाटत असावं. साखराबाईचं पत्र मी उशाखाली ठेवलं. मग उशाखालून काढून कपाटात ठेवलं, कारण उशाखाली ते वाजत असे.

आणि एका सकाळी मल्लम्मा माझ्या अर्ध्या दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती कधी उंबऱ्यापर्यंत आली नव्हती. "गुरुजी, इस्त्रीची पँट घाला. दवाखाना बघायला जायाचंय."

"कुणाला बरं नाही?" मी विचारलं.

"कुणाला काय न्हाई. बघायला जायाचंय. पोरीसाठी स्थळ बघत न्हाईत का? तसं. आमी दोघी हाव, मी आन मंजुश्री. एक बाप्या लागतो. वैजनाथ नको, त्यो घाबरट हाय, लगीच हात जोडतो."

"मी तिथे काय करणार?"

"काय न्हाई. बसायचं. तुमाला तेवढं येतं."

मंजुश्री, म्हणजे पलीकडच्या घरातली तरुण बाई, काखेत पोर घेऊन उभी होती. ती हसली आणि तिने तोंड फिरवलं. मी इस्त्रीची पँट घातली. बायकांच्या दवाखान्यात, बाकावर, एक म्हातारा. लोक काय समजतील, हा माझा जुना प्रश्न. लोक काहीच समजत नाहीत, लोक आपल्याला पाहतही नाहीत, हे माहीत असूनही तो जात नाही.

त्या दिवसांत आम्ही तीन दवाखाने पाहिले, आणि मला काय पाहायचं हेच आधी कळलं नाही. पहिला खाजगी, थंडगार. काचेच्या पेटीत मासे. मी भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचली, सगळी वाचली, आणि मनातल्या मनात ठरवूनही टाकलं की हाच. मल्लम्माने काहीही वाचलं नाही. ती खिडकीपाशी गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, "बाई, केसपेपर कुठं काढायचा?" मुलगी छान हसून म्हणाली, "इथेच, आजी." मल्लम्मा येऊन बसली. थोड्या वेळाने उठली आणि पुन्हा तेच विचारलं. मुलगी म्हणाली, "सांगितलं ना आजी, इथेच." मग पुष्कळ वेळ गेला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुलीने मान वर केली नाही. "एकदा सांगितलेलं कळत नाही का हो? सोबत कोण आहे यांच्या?" मल्लम्माने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि त्या मुलीचा आवाज परत पहिल्यासारखा झाला. बाहेर आल्यावर मल्लम्मा म्हणाली, "चला. हे न्हाई." मी म्हणालो, "का?" ती म्हणाली, "कळा येताना बाई एकच गोष्ट धा बारी विचारती, गुरुजी. पयल्या बारीला समदेच गोड असत्यात."

दुसऱ्या ठिकाणची डॉक्टरीण खरोखर चांगली होती. मला तिचा आवाज आवडला. पण तपासायच्या खोलीचा पडदा नीट सरकत नव्हता आणि समोर बापे बसले होते. मंजुश्रीने पाठ दुखते म्हणून तपासून घेतलं आणि बाहेर येताच म्हणाली, "सुकन्या इथं पाय पसरायची न्हाई. मेली तरी." पडदा बदलता येईल, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. दारिद्र्यात माणसं स्वस्त ते निवडतात, जवळचं ते निवडतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि मला ते पटलंही होतं. त्यात पडदा नव्हता. तिसऱ्यांदा विचारणं नव्हतं. चांगल्या डॉक्टरणीचा आवाज आवडूनही उठून जाणं नव्हतं. मी रिक्षात त्या दोघींच्या मधे पोर घेऊन बसलो होतो, पोर माझा चष्मा ओढत होतं, आणि मला अचानक लातूरची एक दुपार आठवली. महानंदा शेजारच्या दोघींबरोबर ठेवणीतलं पातळ नेसून बाहेर पडली होती. संध्याकाळी परतली तेव्हा ती पाय धूत असताना मी विचारलं, कुठे गेला होता? ती म्हणाली, बघायला. मी म्हणालो, कुणाचं स्थळ? ती खूप हसली. पाणी सांडलं इतकी हसली. म्हणाली, तुमच्या पोराचं. अमरेशचा तेव्हा पाचवा महिना होता तिला. मी थट्टा समजून पुस्तकात डोकं घातलं. आणि इतक्या वर्षांनी, ती नसताना, नांदेडच्या रिक्षात मला कळलं की ती खरं बोलत होती. माझ्या घरातून, माझ्या खुर्चीसमोरून, ती दुसऱ्या कुठल्या तरी सभेला जाऊन आली होती, जिथे ठराव होत, मतं पडत, माणसं बाद होत. आणि तो कारभार लातुरात होता, मुरुडात होता, इथे रुळांकडच्या गल्लीत होता, कधीपासून होता कुणास ठाऊक. मला रिक्षा थांबवून खाली उतरावंसं वाटलं. देवळात शिरताना चपला काढाव्याशा वाटतात तसं.

तिसरा सरकारी. तिथे मी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती. फिनाइलचा वास, जमिनीवर बसलेल्या बायका, पिशव्या, डबे, वरून फिरणारा आवाजी पंखा. मला बाकाच्या टोकाला जागा मिळाली, प्रसूतीच्या दाराजवळच. त्या दोघी लांब बसल्या, ओळख नसल्यासारख्या. मल्लम्माने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमी बघू नका. तुमाला बघायची लाज वाटती. तुमी ऐका." मी वर्तमानपत्र उघडलं. आत कोणीतरी ओरडत होतं. तो आवाज मी याआधी कधी ऐकला नव्हता; अमरेशच्या वेळी मी फाटकाबाहेर उभा होतो. तो बाईचा आवाज आहे हे कळायलाही वेळ लागला. त्यात शब्द नव्हते. वर्तमानपत्रातली अक्षरं सुटी झाली. मी वाट पाहत होतो ती त्या दुसऱ्या आवाजाची, मांडीवरच्या चापटीची. दाराआडून तो आला: दमलेला, घोगरा, काहीतरी काम करता करता बोलणारा. "वरड, माय, वरड. भिंती सरकारच्या हायत. कुणाच्या बापाच्या न्हाईत." आतली बाई थांबली. आणि मग ती हसली का रडली, मला सांगता येणार नाही, पण त्यानंतर ती ओरडली ते निराळं होतं. ते कुणापासून लपवलेलं नव्हतं.

मल्लम्माने माझं तोंड लांबून पाहिलं असावं. ती उठली, दारातून बाहेर आलेल्या एका जाडशा, केस पिकू लागलेल्या सिस्टरला गाठून तिने विचारलं, "बाई, केसपेपर कुठं काढायचा?" पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सिस्टर त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजी, तू मला बघायला आलीस काय गं?" आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मल्लम्मा म्हणाली, "हाव." सिस्टर म्हणाली, "मग बघ चांगली. पण माझी ड्युटी बदलत असती. मीच सापडंन असं न्हाई." एवढं बोलून ती आत गेली.

गल्लीत आल्यावर पाय धुऊन सगळ्या सुकन्याच्या दारात बसल्या. जिचं बाळंतपण, तिला बघायला नेत नाहीत, असा त्यांचा रिवाज. तिला करून दाखवायचं. मल्लम्माने कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि मी वाटेत सांगितलेलं 'वरड, माय' म्हणताना त्या सिस्टरचा आवाज काढला. घोगरा, दमलेला. बायका हसल्या. सुकन्या हसली नाही. तिचे पाय पाटावर होते, सुजून तकतकीत झालेले; मल्लम्माने आल्या आल्या पुन्हा अंगठा दाबून पाहिला होता. वैजनाथ मागे उभा राहून मान खाजवत होता, म्हणाला, "ती म्हणन तसं." सुकन्याने त्याच्याकडे पाहिलं नाही, मल्लम्माकडेही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. ती मला मामा म्हणते. "मामा, मामी मला न्यायसाठी कायबी सांगन. तुमी सांगा. खरंच असं म्हनली का ती?"

मला आयुष्यात कोणी असं काही विचारलं नव्हतं. मला पुस्तकं विचारत, क्रमांक विचारत. माझ्या मनात नेहमीची गर्दी झाली. नेमके शब्द तेच होते का? ती सिस्टर एरवीही अशीच असेल का, की त्या दिवशीच? उद्या तिथे दुसरी असली तर? मी हो म्हणालो आणि ही पोर पुन्हा तोंडात पदर कोंबून निजली तर? कदाचित, बहुधा, असं दिसतं. हे शब्द मला श्वासासारखे येतात. ते सगळे ओठांपर्यंत आले. समोर सुकन्याच्या पायावर मल्लम्माच्या अंगठ्याचा खड्डा अजून बुजत होता. "म्हणाली," मी म्हणालो. "वरड म्हणाली. मी ऐकलं."

"आन दुसरी कुणी असली तर?"

"ते मला माहीत नाही, सुकन्या."

मला वाटलं, माझ्या या दुसऱ्या वाक्याने सगळं घालवलं. मल्लम्मा म्हणाली, "दुसरी असली तर मी हाय की आत. आन गुरुजी भाईर बसतेन. बाप्या बसला की आवाज उतरतो जरा."

"मामांना घाबरन व्हय कोनी!" सुकन्या म्हणाली. "त्यांला खोकायचीबी चोरी." आणि आता ती हसली. मग पाय पाटावरून खाली घेत म्हणाली, "न्या मग."

कळा एका दुपारी सुरू झाल्या. आणि ती जाडशी सिस्टर नव्हती. तरुण, कोऱ्या चेहऱ्याची एक होती. तिने आमच्यापैकी कोणाकडे नीट पाहिलंही नाही. मल्लम्मा तिच्यामागोमाग आत घुसली. वैजनाथ अंगणातल्या लिंबाला टेकून उभा राहिला. मी बाकावर बसलो, आणि बसणं हे काम आहे असं पहिल्यांदाच मला वाटलं. मी दाराकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून, इस्त्रीच्या पँटीवर हात ठेवून बसलो. आतून काही येत नव्हतं. पळापळ झाली, डॉक्टर आल्या, प्रेशर, इंजेक्शन, लवकर, असे तुकडे ऐकू आले. सुकन्याचा आवाज मात्र नव्हता. ती पदर कोंबते आहे, मी मनात म्हणालो. मी फसवलं तिला. मी ऐकलं ते एका बाईचं होतं, आणि मी ते अख्ख्या इमारतीच्या नावावर चढवलं. मला दार उघडून आत ओरडावंसं वाटलं. पण माझ्या घशातून तसा आवाज कधी निघालेला नाही.

मग तो आला. मला तो ओळखू आला नाही. जमिनीखालून काहीतरी निघून भिंतीत शिरावं तसा. त्यात साखराबाईचं नाव होतं, देवीचं होतं, वैजनाथला शिव्या होत्या, मल्लम्माला होत्या आणि एकदा, अगदी स्पष्ट, "मामा" होतं. लिंबाखाली वैजनाथने कान झाकले. मी झाकले नाहीत. इतकी वर्षं मी शब्दांच्या सावलीत बसलो आणि जगातलं मोठं ते सगळं लिहून ठेवलेलं आहे असं धरून चाललो. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. हे माझ्यासमोर चाललं होतं, एका दारापलीकडे, आणि ते इतकं मोठं होतं की मला भीती वाटायची राहूनच गेली. माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, कारण हात हलवणंही मला त्या वेळी उद्धटपणाचं वाटलं. किती वेळ ते चाललं कुणास ठाऊक. मग थांबलं. आणि एक बारीक, चिडका, नवा आवाज सुरू झाला.

तरुण सिस्टर बाहेर आली. तिच्या कोऱ्या चेहऱ्यावर घाम होता. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत, प्रेशर उतरतंय. कान बसले हो माझे. काय पोरगी आहे तुमची!" मी तिचा बाप नव्हतो. मी दुरुस्ती केली नाही.

फोन वैजनाथने लावला. साखराबाई पलीकडे रडली, हसली, प्लास्टरला शिव्या दिल्या, आणि मग म्हणाली, "गुरुजींना द्या." मी हां-हूं करू लागलो तसं तिने मला थांबवलं. "आता तरी कागद लिहा, गुरुजी. धाकट्या सुनेला, रुतुजाला, दिवस गेलेत. मुरुडात की लातुरात, इथं बायांचं भांडण चाललंय. फोनवरचं कोनी धरत न्हाई. कागद समद्या ऐकतेन."

मी तीन दिवस लिहिलं. म्हणजे खोडलं. सुकन्या घरी आली, गल्लीत सुंठवडा फिरला, आणि मल्लम्मा उंबऱ्यात येऊन म्हणाली, "वाचा बघू काय लिवलं." मी वाचलं. 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' इथे तिने हात वर केला. "हे काय?"

"म्हणजे मला नक्की माहीत नाही, असं."

"ऐकलं का न्हाई तुमी?"

"ऐकलं."

"मग तेवढं लिवा."

मी तेवढं लिहिलं. 'साखराबाई, कोणता दवाखाना चांगला हे मला सांगता येत नाही. नांदेडला मी एका बाकावर बसलो होतो. आतली सिस्टर ओरडणाऱ्या बाईला म्हणाली, वरड. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सुकन्याच्या वेळी दुसरी सिस्टर होती. ती काही म्हणाली नाही, पण तिने सुकन्याला ओरडू दिलं, हेही ऐकलं. तुमच्या लातूरचं मला माहीत नाही. माझ्या शब्दावर जाऊ नका. दोघी-तिघी जा, सकाळभर बसा, पडदा बघा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारा. बाहेर बसायला माणूस नसेल तर कळवा. मी लातूरला येईन.'

शेवटचं वाक्य माझ्या हातून कसं गेलं ते मला कळलं नाही. खोडावंसं वाटलं. लातूरला महानंदा गेल्यापासून मी पाऊल ठेवलेलं नाही. पण कागदावर जागा उरली नव्हती आणि खोडलेलं त्या सगळ्याजणी उजेडाला धरून वाचतील, हे मला आता माहीत होतं. पाकीट चिकटवलं, स्टेशनजवळच्या पोस्टापर्यंत चालत गेलो, आणि टाकलं.